चर्चच्या शाळेतून आठवी झालेलं मूल पुढे कुठे पोचतं?

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीत असते. यंदा सहावीत गेली. घराजवळच सरकारी मिडल स्कूल आहे, फुकट आहे, चांगलं नावाजलेलंही आहे. तरी मुलीने आणि जावयाने तिला फी भरून कॅथलिक चर्चच्या शाळेत घातलं. आम्ही माळकरी घरातले. ती बाटेल वगैरे भीती मला नाही, पण ‘पुढे फार फायदा होतो’ असं ते म्हणतात त्याला आधार काय? तीन वर्षांत अशी कोणती तयारी करून घेतात? — एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, फायदा होतो. पण तुमच्या मुलीला तो जिथे दिसेल असं वाटतंय तिथे बहुधा दिसणार नाही, आणि ज्या मुलांना तो सगळ्यांत जास्त होतो त्यांच्यात तुमची नात बसत नाही.

आधी त्या तीन वर्षांबद्दल. अमेरिकेत मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी, वय अकरा ते चौदा. आपल्याकडे दहावीचा जो दबदबा आहे, तसा या इयत्तांना तिथे नाही. बोर्ड नाही, टक्केवारी नाही, पेढे नाहीत. पण गाडी रुळावरून घसरते ती नेमकी इथेच. फिलाडेल्फिया शहरात १९९६ साली सहावीत गेलेल्या सुमारे तेरा हजार मुलांचा माग रॉबर्ट बालफांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला आणि २००७ साली निष्कर्ष छापले. त्यांना सहावीतच चार खुणा सापडल्या : हजेरी ८० टक्क्यांच्या खाली, गणितात नापास, इंग्रजीत नापास, किंवा वर्तनामुळे काही दिवस शाळेतून निलंबन. पुढे ज्यांचं हायस्कूल पुरं झालं नाही, त्यांतली जवळजवळ ६० टक्के मुलं या खुणांवरून सहा वर्षं आधीच ओळखता आली असती.

असं का होतं, याचं एक पटणारं उत्तर मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स यांनी दिलं आहे. या वयात मुलाला घराबाहेरचं एखादं मोठं माणूस हवं असतं, आई-वडील सोडून कुणीतरी ज्याचं ऐकावंसं वाटेल असं. आणि शाळा काय करते? एक वर्गशिक्षिका काढून घेते आणि तिच्या जागी सहा-सात विषयशिक्षक देते. त्यांच्यातल्या प्रत्येकासमोरून दिवसात शंभरावर मुलं जातात. मुलाला ओळखणारं माणूस हवं असतं त्याच वर्षी त्याला ओळखणारं कुणी उरत नाही.

आता एका शाळेची हकिगत सांगतो, कारण चर्चची मिडल स्कूलं काय करतात हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. न्यू यॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या तेव्हाच्या गरीब वस्तीत जेझुइट धर्मगुरूंनी १९७१ साली ‘नेटिव्हिटी मिशन सेंटर’ ही शाळा सुरू केली. जेझुइट म्हणजे मुंबईचं सेंट झेवियर्स चालवणारा तोच संघ. वस्ती मुख्यतः पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेल्या कुटुंबांची होती. शाळा फक्त मुलग्यांची, फक्त सहावी ते आठवी, वर्गात पंधराच्या आसपास मुलं. म्हणजे आख्खी शाळा आपल्याकडच्या एका तुकडीत मावेल एवढी.

त्यांनी अभ्यासक्रमात फार मोठी करामत केली नाही. त्यांनी दिवस लांबवला. शाळा सुटल्यावर खेळ, मग संध्याकाळी पुन्हा शाळेत येऊन अभ्यासिका, आणि शेजारी बसून शिकवायला नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले स्वयंसेवक, नाममात्र मानधनावर काम करणारे. रस्त्यावर जो वेळ गेला असता तो शाळेने आपल्या ताब्यात घेतला. मग त्यांनी वर्षही लांबवलं. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना शहराबाहेर, उत्तरेला लेक प्लॅसिडच्या डोंगराळ भागातल्या शिबिरात नेत. सकाळी वाचन-लेखन, दुपारी पोहणं, होड्या. गरीब घरातली मुलं सुटीत शिकलेलं विसरतात आणि सुखवस्तू घरातली तितकी विसरत नाहीत, असं अमेरिकेतले बरेच शिक्षक मानतात. शिबिर त्यावरचा उपाय होता. तुम्ही साताऱ्याचे, म्हणून सांगतो : कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तुमच्या गावात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं, त्यात धर्मप्रसाराचा लवलेश नव्हता; पण पोराला पुस्तकाइतकीच दिवसभराची शिस्त, जेवण आणि सोबत लागते, ही समज दोन्हीकडे एकच आहे.

तिसरी गोष्ट त्यांनी केली ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. आठवी झाली की मुलाला सोडायचं नाही. त्याला चांगल्या हायस्कुलात प्रवेश मिळवून द्यायचा, शिष्यवृत्ती शोधायची, आणि नंतरची चार वर्षं त्याच्या मागे राहायचं. या पाठपुराव्यासाठी शाळेत स्वतंत्र माणूस असे. माजी विद्यार्थी नववीत गणितात अडकला, घरी भाडं थकलं, नव्या शाळेतल्या श्रीमंत पोरांत एकटा पडला, की तो हायस्कुलाच्या समुपदेशकाकडे जाण्याआधी नेटिव्हिटीत यायचा. ही पद्धत मग पसरली. ‘ब्रदर्स ऑफ द ख्रिश्चन स्कूल्स’ या संघाने १९९३ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्समध्ये सॅन मिगेल ही शाळा काढली. बोस्टनमध्ये एपिस्कोपल पंथाच्या लोकांनी एपिफनी ही शाळा काढली, तीही याच धर्तीवर आणि बिनफीची. पुढे अशा साठेक शाळांची साखळी उभी राहिली.

तुमच्या नातीची शाळा अशी नाही, हे उघड आहे. ती बहुधा बालवाडी ते आठवी अशी पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चची शाळा असेल, आणि तिथे सिस्टर शिकवत असतील असं जर तुमच्या डोळ्यांसमोर चित्र असेल तर तेही बदला. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत बहुसंख्य शिक्षक व्रतस्थ असत. आता शंभरातले पंच्याण्णवांहून जास्त साधे संसारी शिक्षक असतात. विद्यार्थ्यांतही साधारण पाचातलं एक मूल कॅथलिक नसतं.

मग ‘फायदा होतो’ याला पुरावा काय? या विषयावर तिथे चाळीस वर्षं भांडण चालू आहे, आणि भांडण चांगलं आहे. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८२ साली म्हटलं की कॅथलिक हायस्कुलांतली मुलं सरकारी शाळांतल्या तशाच घरच्या मुलांपेक्षा पुढे असतात. लगेच आक्षेप आला : फी भरून मुलाला वेगळ्या शाळेत घालणारे पालक मुळातच जास्त लक्ष देणारे असतात, श्रेय शाळेला कसं? हा आक्षेप खोडायला अर्थशास्त्रज्ञांनी बरीच मेहनत घेतली. विल्यम इव्हान्स आणि रॉबर्ट श्वाब यांनी १९९५ साली दाखवलं की कॅथलिक हायस्कुलात गेल्याने शिक्षण पुरं करण्याची आणि कॉलेजात पाऊल टाकण्याची शक्यता सुमारे १३ टक्के-अंकांनी वाढते. जोसेफ ऑल्टनजी, टॉड एल्डर आणि ख्रिस्तोफर टेबर यांनी २००५ साली एक युक्ती केली. त्यांनी आठवीपर्यंत चर्चच्याच शाळेत असलेली मुलं निवडली, म्हणजे घरचा फरक कमी झाला, आणि त्यांतली काही पुढे चर्चच्या हायस्कुलात तर काही सरकारीत गेली, त्यांची तुलना केली. शाळा पुरी करण्यात ठळक फरक निघाला. परीक्षेच्या गुणांत जवळजवळ काहीच नाही.

आणि आता तुमच्या जावयाला न आवडणारी गोष्ट. बालवाडी ते आठवीच्या कॅथलिक शाळांबद्दल एल्डर आणि ख्रिस्तोफर जेप्सेन यांनी २०१४ साली जे छापलं ते कडक आहे. या शाळांतल्या मुलांचे गुण सरासरीने जास्त दिसतात, पण तो सगळा फरक घरातून आलेला. शाळेचा स्वतःचा परिणाम वाचनात नगण्य आणि गणितात चक्क उलटा, मुलं मागे पडतात. त्यामुळे ‘तिकडे जाऊन मार्क वाढतील’ हा हिशोब असेल तर तो आताच सोडून द्यावा.

मग उरतं काय? टिकून राहणं. मूल मध्येच गळत नाही, पुढच्या पायरीवर जातं. डेरेक नील यांनी १९९७ साली दाखवलं की हा लाभ मोठ्या शहरांतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना सगळ्यांत जास्त मिळतो, कारण त्यांच्यासमोरचा दुसरा पर्याय, म्हणजे गल्लीतली सरकारी शाळा, फार वाईट असतो. तुमच्या नातीच्या गावातली सरकारी शाळा चांगली आहे आणि तिच्या घरात बारावी सोडण्याचा विषयही कधी निघाला नसेल. म्हणून तिच्या वाट्याला येणारा लाभ लहान असेल.

तरी एक गोष्ट तिच्या बाजूने आहे, आणि गंमत म्हणजे तिचा धर्माशी काही संबंध नाही. जोनाह रॉकॉफ आणि बेंजामिन लॉकवुड यांनी २०१० साली न्यू यॉर्कच्या सरकारी शाळांचाच अभ्यास केला. बालवाडी ते आठवी एकाच इमारतीत शिकणाऱ्या मुलांपेक्षा, सहावीला वेगळ्या मिडल स्कुलात गेलेल्यांची प्रगती खालावली आणि नंतरही भरून निघाली नाही. कॅथलिक शाळा जुन्या सवयीने बालवाडी ते आठवीच राहिल्या. मिडल स्कूल वेगळं काढण्याची फॅशन त्यांना परवडली नाही. अशा शाळांत आठवीच्या मुलांकडे बालवाडीतलं एकेक पोर सोपवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते : मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, हात धरून न्यायचं, शेजारी बसवायचं, गोष्ट वाचून दाखवायची. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला आपल्यापेक्षा लहान कुणाला तरी सांभाळायला मिळणं, हे मला कुठल्याही ‘नेतृत्व शिबिरा’पेक्षा बरं वाटतं. सहावी-सातवीपासून ठरावीक तास समाजसेवाही करावी लागते, अन्नछत्रात डबे भरणं, वृद्धाश्रमात जाणं वगैरे. त्यातलं किती मनापासून होतं आणि किती वहीत नोंद व्हावी म्हणून, ते नातीलाच विचारा.

व्यवहाराचं थोडं. मुलीला फोनवर विचारा की आठवीत बीजगणित पूर्ण शिकवतात का. सरकारी मिडल स्कूलं हुशार मुलांना ते आठवीत देतात, आणि तिथून बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोचणं सोपं जातं. लहान शाळेत कधी कधी तेवढी तुकडीच भरत नाही. वरच्या २०१४ च्या अभ्यासामुळे हा प्रश्न मी पहिला ठेवतो. दुसरं : मुलाला वाचनाची किंवा अवधानाची काही अडचण असेल तर सरकारी शाळेवर विशेष शिक्षणाची जी कायदेशीर जबाबदारी असते ती खासगी शाळेवर तशीच्या तशी नसते. तिसरं : धर्मशिक्षणाचा तास आणि मिस्सा तिला चुकवता येणार नाही. आपल्या राज्यघटनेचं कलम २८ सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मोपासनेत बसवू देत नाही. तिथल्या खासगी शाळेला असा नियम नाही, प्रवेश घेतला म्हणजे अट मान्य केली. ख्रिस्तप्रसाद मात्र ती घेणार नाही. इतर मुलं रांगेने पुढे जातील तेव्हा ती जागेवर बसेल किंवा छातीवर हात आडवे ठेवून नुसता आशीर्वाद घेईल. एकादशीला घरी काय करायचं ते तुमच्या घरचं, त्यात शाळा पडत नाही. आणि चौथं, बोस्टनमधलं धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण २००२ साली उघड झाल्यावर अमेरिकेतल्या बिशपांनी मुलांच्या सुरक्षेचे नियम केले, मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणं सक्तीचं झालं. ते नियम या शाळेत कसे पाळतात हे विचारायला पालकांनी संकोच करू नये.

बसचा खर्च मात्र वाचेल कदाचित. चर्चच्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना बसभाडं सरकारने द्यावं का, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९४७ साली गाजलेला खटला न्यू जर्सीतलाच होता, आणि निकाल पालकांच्या बाजूने लागला.

प्रश्न : लहान वर्ग, लांब दिवस, आठवीनंतरचा पाठपुरावा, हे कुठलीही शाळा करू शकते. मग त्यात धर्म कशाला हवा? — एक निवृत्त शिक्षिका, पुणे

उत्तर : बाई, करू शकते, आणि केलेलंही आहे. ह्यूस्टनमध्ये १९९४ साली दोन तरुण शिक्षकांनी ‘किप’ या नावाने पाचवीचा वर्ग सुरू केला, त्याची देशभर साखळी झाली. सरकारी पैसा, धर्माचा संबंध शून्य. लांब दिवस, उन्हाळ्यातही वर्ग, पालकांकडून लेखी बांधिलकी, बरंचसं नेटिव्हिटीसारखंच. गुण वाढले, हे बाहेरच्या संस्थेने तपासून सांगितलं. पण पुढे असं दिसलं की जी मुलं तिथे फक्त मिडल स्कूल शिकून बाहेर पडली, त्यांच्या बाबतीत कॉलेजची पदवी मिळण्यावर परिणाम फारसा उरला नाही. मिडल आणि हायस्कूल दोन्ही तिथेच केलेल्यांत तो मोठा होता. तीन वर्षांची मेहनत एकटी पुरत नाही, म्हणून आठवीनंतर हात न सोडण्याला मी वर इतकं महत्त्व दिलं.

धर्म कुठे येतो, तर माणसं टिकवण्यात. अँथनी ब्राइक, व्हॅलरी ली आणि पीटर हॉलंड यांनी १९९३ सालच्या पुस्तकात कॅथलिक हायस्कुलांचं आतून वर्णन केलं आहे. त्यांना तिथे तीन-चार गोष्टी एकत्र सापडल्या : सगळ्या मुलांना जवळजवळ एकच अभ्यासक्रम, ‘हा हुशारांचा, हा ढ मुलांचा’ अशी वाटणी कमी, शिक्षक वर्गाबाहेरही मुलांच्या आयुष्यात, निर्णय शाळेतच, आणि या सगळ्यामागे प्रत्येक मूल मोलाचं आहे ही श्रद्धा, जी कुणी रोज फळ्यावर लिहीत नाही पण जिच्यामुळे शिक्षक सरकारी शाळेपेक्षा कमी पगारावर थांबतात. ही शेवटची गोष्ट परिपत्रक काढून निर्माण होत नाही. साने गुरुजींच्या अंमळनेरला ती होती, तिला कुठल्या चर्चची गरज नव्हती. पण साने गुरुजी दर शाळेत सापडत नाहीत, आणि धर्मसंघ म्हणजे अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पुरवण्याची एक व्यवस्था होती.

‘होती’ म्हणतो, कारण ती आटत चालली आहे. अमेरिकेच्या बिशपांनी १८८४ साली बाल्टिमोरच्या परिषदेत ठरवलं की प्रत्येक पॅरिशने शाळा काढावी. आयर्लंड, इटली, पोलंडहून आलेल्या मजुरांच्या पैशावर आणि सिस्टरांच्या जवळजवळ फुकट श्रमांवर त्या शाळा उभ्या राहिल्या. १९६०च्या दशकाच्या मध्यात तिथे पन्नास लाखांवर मुलं होती. आज सतरा लाखांच्या आसपास आहेत. सिस्टर कमी झाल्या, पगार द्यावे लागले, फी वाढली, आणि ज्यांना शाळेची सर्वांत जास्त गरज होती त्यांनाच ती परवडेना. नेटिव्हिटीही टिकली नाही. ती २०१२ साली बंद झाली. तिच्या धर्तीवरच्या अनेक शाळा अजून चालू आहेत, त्या देणग्यांवर. वर्गात पंधरा मुलं आणि फी जवळजवळ नाही, याचा हिशोब दुसऱ्या कशाने जुळत नाही.

श्रद्धेची दुसरी बाजूही आहे. जी शाळा श्रद्धेच्या नावाने मुलाला धरून ठेवते, तीच श्रद्धेच्या नावाने एखाद्याला नकोही म्हणू शकते. खासगी शाळेला नाव काढून टाकायचा जो अधिकार असतो तो सरकारी शाळेला नसतो. शिस्तीची जी वाहवा होते तिच्यात या अधिकाराचा किती वाटा, हे कुणी फारसं बोलत नाही.

प्रश्न : मग आमच्या इथल्या कॉन्व्हेंटलाही हेच लागू होतं का? मुलाला पाचवीला तिथे घालायचा विचार आहे. — एक पालक, नाशिक

उत्तर : फारसं नाही. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी आणि इभ्रत, ही ओढ वेगळी. घटनेच्या कलम ३०ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क दिला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निकालाप्रमाणे शिक्षण हक्क कायद्यातलं गरीब मुलांसाठीचं २५ टक्के आरक्षण या शाळांना लागू नाही. गरीब मूल आत येणार की नाही हे त्या त्या शाळेच्या मनावर. काही संस्था आपणहून घेतात. वसई, ठाणे, नगर भागात मिशनच्या मराठी शाळांनी गरीब आणि आदिवासी मुलांना शिकवलं आहे, त्यांची नावं कुणाच्या यादीत वर नसतात. लोअर ईस्ट साइडच्या शाळेशी नातं लावायचंच तर त्या शाळांशी लागतं, शहरातल्या नामांकित कॉन्व्हेंटशी नाही.

तुम्ही प्रवेश घ्यायला जाल तेव्हा वर्गात किती मुलं आहेत ते मोजा. साठ असतील तर बाहेरच्या पाटीवर संताचं नाव आहे की सरस्वतीचं, याने तुमच्या मुलाला फरक पडणार नाही. आणि चार वर्षांपूर्वी इथून बाहेर पडलेली मुलं आता काय करतात, हे मुख्याध्यापकांना विचारा. फक्त पहिल्या तिघांची नावं सांगितली तर उरलेल्यांचंही विचारा.